आरती झाली की सगळे घरी जातात

हे प्रकरण चौथीत शिकणाऱ्या एका मुलाचं आहे. मी त्याची वर्गशिक्षिका होते. उत्तर गोव्यातल्या खाणपट्ट्यातली आमची सरकारी मराठी प्राथमिक शाळा, शिक्षक दोन आणि पहिली ते चौथी मिळून मुलं एकतीस. मुलाचं नाव इथं येणार नाही. अत्याचार झालेल्या मुलाची ओळख उघड करायला कायद्यानं मनाई आहे, आणि कायदा नसता तरी मी ती केली नसती. वाडा, महिने, घरातली माणसं, कामधंदे, सगळं थोडंथोडं बदललं आहे. घुमट, म्हणजे आरतीत वाजतं ते मडक्याचं वाद्य, तेवढं तसंच ठेवलं आहे. उत्तर गोव्यात वाड्यावाड्यावर आरतीची पथकं आहेत, त्यावरून कुणी कुणाला ओळखणार नाही. आणि घुमट काढून टाकलं तर या प्रकरणातली मला सर्वांत आधी दिसलेली खूणच निघून जाईल.

मुलगा नऊ वर्षांचा. बाबांचा पूर्वी खाणीचा माल वाहणारा टिपर ट्रक होता. २०१२ साली खाणी थांबल्या, मध्ये काही काळ चालल्या, २०१८ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर पुन्हा बंद पडल्या. टिपर विकून कर्ज फेडलं आणि बाबा कळंगुटला एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात लागले. सुट्टी बुधवारची, तेवढाच दिवस घरी. आई औषधांच्या कारखान्यात दुसऱ्या पाळीला, दुपारी दोन ते रात्री दहा. कंपनीची बस वाड्यावर सोडेपर्यंत अकरा वाजत. घरी आजी, तिला ऐकू कमी येतं. अशा घराला मदतीचा हात लागतो, आणि तो हात ज्याचा असतो त्याच्यावर शंका घेणं त्या घराला परवडत नाही.

हा हात होता मामाचा, म्हणजे आईच्या मावसभावाचा. गावात मान असलेला माणूस. देवळातलं भजन, आरतीचं पथक, मुलांना घुमट शिकवणं, कुणाच्या घरी माटोळी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावरची फळापानांची मांडणी, बांधायची असली तरी हा पुढे. सोमवारी आणि गुरुवारी संध्याकाळी त्याच्या सोप्यावर तालीम चाले. तालीम झाली की हा मुलगा तिथंच जेवे, आणि आई कामावरून यायच्या वेळेला मामा त्याला स्कूटरवरून घरी सोडे. आई मला एकदा म्हणाली होती, "बाई, तो नसता तर मी नोकरी सोडली असती." मी म्हटलं होतं, "नशीब लागतं असा भाऊ मिळायला." हे वाक्य मी बोलले आहे, म्हणून लिहिते.

जूनमध्ये हा मुलगा वर्गातला सर्वांत गोंगाटी मुलगा होता. घुमट म्हणजे मडकं. एका तोंडाला कातडं ताणलेलं, दुसरं लहान तोंड उघडं. उजवा हात कातड्यावर पडतो आणि डावा तळवा ते उघडं तोंड झाकतो, सोडतो, त्यातून तो घुमणारा नाद निघतो. पूर्वी घोरपडीचं कातडं लावत, आता घोरपडीला संरक्षण आहे म्हणून बकऱ्याचं लावतात. २०१९ साली सरकारनं घुमटाला गोव्याचं वारसा वाद्य म्हणून मान्यता दिली. हा मुलगा बाकावर हे सगळं हुबेहूब करायचा. उजव्या बोटांचा ताल बाकाच्या फळीवर, आणि डावा तळवा कडेशी उघडझाप करत, जणू तिथं मडक्याचं तोंड आहे. पाढे चालू असताना, चाचणी चालू असताना, मी समोर उभी असताना. दिवसातून चार वेळा मी ओरडायची, "हात बाकाखाली."

जुलैच्या मध्यावर कधीतरी ते हात थांबले. मला बरं वाटलं. वाटलं, पोर सुधारलं.

पुढचे अडीच महिने काय घडत गेलं ते मला आज सलग दिसतं, तेव्हा दिसत नव्हतं. त्याचं कारण असं की ते एका माणसाला सलग दिसतच नव्हतं. प्रत्येकाकडे एकेक तुकडा होता, आणि प्रत्येक तुकड्याला पटण्यासारखं स्पष्टीकरण होतं.

शेजारणीनं पाहिलं होतं की पावसाळ्यातही रोज सकाळी त्यांच्या पडवीत गोधडी वाळत पडलेली असते. चार वर्षांचा असताना थांबलेलं अंथरुण ओलं करणं पुन्हा सुरू झालं होतं. आजी म्हणाली गारठा आहे. आईनं दृष्ट काढली, देवळात गाऱ्हाणं घातलं. तिला मी हसणार नाही. मुलात काहीतरी बिनसलंय हे तिनं ओळखलं होतं, तिच्या हाताशी जो उपाय होता तो तिनं केला. आमच्या हाताशी दुसरे उपाय होते आणि आम्ही तेही केले नाहीत.

आरोग्य केंद्रात पोटदुखीसाठी तो तीनदा गेला. ऑगस्टमध्ये शाळेत जंताची गोळी दिली होती, तरी पोट दुखायचं. तपासणीत काही सापडत नव्हतं. तीनपैकी दोन वेळा त्याला मामा घेऊन गेला होता आणि डॉक्टरांच्या प्रश्नांना उत्तरं मामाच देत होता. नर्सबाईंनी हे मला नंतर सांगितलं. त्यांच्या ते लक्षात राहिलं होतं, कारण मुलगा एकदाही मान वर करत नव्हता. पण त्या दिवशी रांगेत साठ माणसं होती, आणि मामाबरोबर आलेलं मूल ही काही नोंद करण्याची गोष्ट वाटली नव्हती.

मुलांनी पाहिलं होतं की त्याच्याकडे नवी बॅट आली, मग घड्याळ, मग मोबाईल. चौथीतल्या मुलाला स्वतःचा मोबाईल, आणि रिचार्ज मामा मारतो. सगळे म्हणाले, मामाचा जीव आहे त्याच्यावर. आज मला ठाऊक आहे की चारा असाच टाकला जातो, आणि तो आधी घरासमोर टाकला जातो, मुलासमोर नंतर. अगोदर घराचा विश्वास कमवायचा, मग मुलाला 'तू माझा खास' म्हणून इतरांपासून वेगळं काढायचं, मग एक लहानसं गुपित त्याच्या पदरात घालायचं, घरी न सांगता घेतलेल्या थंड पेयाइतकं लहान. ते गुपित मुलानं पाळलं की मोठ्या गुपिताची वाट मोकळी होते. तोवर मुलाला वाटू लागतं की आपणच चोर आहोत: आपण बॅट घेतली, आपण घरी सांगितलं नाही.

आणि मग गणेश चतुर्थीची सुट्टी संपल्यावर मी निबंध घातला, 'माझा आवडता सण'. सगळ्यांनी चवथ लिहिली. त्यानं चार ओळी लिहिल्या. पहिल्या दोन नेवऱ्या आणि फटाक्यांवर. पुढच्या दोन अशा: "मला चवथ आवडते पण आरति आवडत नाही. आरति झाली की सगळे घरी जातात."

मी लाल पेनानं दोन्ही ठिकाणी 'आरति'ची वेलांटी दीर्घ केली, खाली सही केली, आणि वही पुढच्या मुलाकडे सरकवली.

ज्या खुणेला आम्ही शिक्षा केली

सप्टेंबरच्या अखेरीस अंगणवाडीतल्या एका छोट्याची आई तक्रार घेऊन आली. शाळेच्या मुतारीपाशी या मुलानं तिच्या मुलाला काही सांगितलं होतं, काही करायला सांगितलं होतं. ते शब्द मी लिहिणार नाही. नऊ वर्षांच्या मुलाला ते ठाऊक असायचं काहीही कारण नव्हतं, एवढंच सांगते.

मुख्याध्यापकांनी त्याला व्हरांड्यात उभं केलं. सगळ्यांसमोर विचारलं, "हे घाणेरडं कुठं शिकलास?" प्रश्न अगदी बरोबर होता. तो हळू आवाजात, दार लोटून, उत्तर ऐकण्याच्या तयारीनं विचारला असता तर त्याच दिवशी सगळं कळलं असतं. पण तो रागानं विचारला गेला आणि त्याला उत्तर नको होतं. मुलगा तासभर उभा राहिला, रडला नाही. मीही वर्गातून बघत होते. मला वाटलं, मोबाईलचे परिणाम.

वयाला न शोभणारं लैंगिक ज्ञान लहान मुलात दिसलं, आणि विशेषतः ते दुसऱ्या लहान मुलावर वापरताना दिसलं, तर पहिला प्रश्न 'याला शिक्षा काय' हा नसतो. 'याच्यावर काय गुदरलं' हा असतो. छोट्याला जपायला हवंच, त्याच्या आईचं म्हणणं खरंच होतं. पण त्या व्हरांड्यात दोन मुलं होती ज्यांना जपायला हवं होतं. त्या मोसमातली ही सर्वांत मोठ्यानं वाजलेली घंटा, आणि आम्ही ती वाजवणाऱ्यालाच मारलं.

तुकडे एकत्र आले तो दिवस

आमच्या शाळेत माध्यान्ह आहार गावातल्या महिलांचा स्वयंसहाय्य गट आणतो. ज्या वयनी डबे घेऊन येत त्यांचं शिक्षण सातवीपर्यंत. एका सोमवारी पाव-भाजी होती. रिकामे डबे गोळा करताना त्या माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, "बाई, हे पोर सोमवारी पावाला हातसुद्धा लावत नाही. इतर दिवशी दोन खातं."

मी म्हटलं, "सोमवार उपास असेल घरी."

"गुरुवारीपण नाही खात. मागच्या दोन महिन्यांपासून बघते."

त्यांनी दुसरं काही म्हटलं नाही. डबे उचलून गेल्या. मी हजेरीपट काढला. जुलैपासून त्याच्या गैरहजेऱ्या अकरा होत्या. बोटानं वार मोजत गेले. अकरांपैकी नऊ मंगळवार आणि शुक्रवार. सोमवारी आणि गुरुवारी तो यायचा पण जेवत नव्हता. दुसऱ्या दिवशी येतच नव्हता. मग आठवलं की ज्या मंगळवारी येतो त्या मंगळवारी दुपारी बाकावर झोपतो. मग आठवलं की सोमवारी शाळा सुटल्यावर तोच एकटा विचारतो, "बाई, पुस्तकं लावू कपाटात? फळा पुसू? कुंड्यांना पाणी घालू?" मला वाटायचं, किती कामसू. त्याला घरी जायचं नव्हतं. नाही, घरी जायचं होतं, पण घरी जाण्याआधी मध्ये जे होतं तिथं जायचं नव्हतं.

निबंधाची वही पुन्हा काढली आणि ती ओळ वाचली. आरती झाली की सगळे घरी जातात.

त्या संध्याकाळी मी एक कोरी वही घेतली आणि पानाच्या मधोमध रेघ मारली. डावीकडे तारीख आणि जे डोळ्यांनी पाहिलं किंवा नोंदीत सापडलं ते. उजवीकडे मला काय वाटतं ते. ही रेघ फार कामाची ठरली. माझ्या मनात एव्हाना राग, अपराधीपणा, मामाचा चेहरा, सगळं एकत्र झालं होतं; पण पोलिसांना आणि बाल कल्याण समितीला डावी बाजू लागते. 'मुलगा घाबरलेला वाटतो' याचा उपयोग कमी. 'सोमवारी आणि गुरुवारी जेवत नाही, आहार वाढणाऱ्या बाईंनी दोन महिने पाहिलं, नऊ गैरहजेऱ्या तालमीच्या दुसऱ्या दिवशी' याचा उपयोग आहे.

इथं थोडं थांबते, कारण वाचणाऱ्या एखाद्या आईच्या पोटात गोळा आला असेल. अंथरुण ओलं होणं, पोटदुखी, चिडचिड, अभ्यासात मागं पडणं, यातली एकेक गोष्ट शंभर कारणांनी होते. त्याच वर्गात एका मुलीचं पोट दर शुक्रवारी दुखायचं आणि त्याचं कारण शुक्रवारची गणिताची चाचणी होती. दुसऱ्या एकाचं अंथरुण धाकटी बहीण जन्मल्यावर ओलं होऊ लागलं आणि आपोआप थांबलं. एका खुणेवरून कुणावर बोट ठेवायचं नसतं. बघायचं ते हे: मूल होतं तसं राहिलेलं नाही का, बदल कधीपासून, आणि तो कुठल्या वाराला, कुठल्या जागेला, कुठल्या माणसाला चिकटलेला आहे. ओढून चिकटवायचा नाही. पण चिकटलेला दिसला तर डोळे फिरवायचे नाहीत.

मारहाणीच्या खुणा याहून वेगळ्या असतात. त्या आमच्या प्रकरणात नव्हत्या, तरी शिक्षकांना आणि आयांना त्या ठाऊक हव्यात. खेळताना पडलेलं मूल गुडघे, नडग्या, कोपरं, कपाळ इथं लागून येतं, म्हणजे जिथं हाड पुढं असतं तिथं. पाठ, पोट, कान, मान, कुल्ले, मांडीची आतली बाजू इथले वळ सहसा पडून होत नाहीत. वायरचा किंवा पट्ट्याचा वळ आपला आकार सांगतो. गरम पाण्यात बुडवलेल्या पायाचा भाजल्याचा डाग मोज्यासारखा सरळ कडेचा असतो. उडालेल्या पाण्याचा असा नसतो. रांगतसुद्धा नाही अशा तान्ह्याच्या अंगावर काळानिळा डाग दिसला तर त्याच दिवशी डॉक्टर. आणि सांगितलेली हकिगत दर वेळी बदलते का, डॉक्टरकडे न्यायला उशीर का झाला, हे विचारायचंच. डागाच्या रंगावरून तो किती दिवसांचा ते मात्र सांगता येत नाही, डॉक्टरही खात्रीनं सांगत नाहीत. आपण तर तो नाद करूच नये.

बोलणं

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. बुधवारी आला. मधल्या सुट्टीत मी त्याला कुंड्यांना पाणी घालायला बोलावलं. मुलाला समोर बसवून डोळ्यांत बघत विचारण्यापेक्षा हाताला काम देऊन शेजारी उभं राहणं बरं, हे अनुभवानं ठाऊक होतं. मी म्हटलं, "तुझे हात हल्ली बाकावर वाजत नाहीत."

तो काही बोलला नाही. एका कुंडीत इतकं पाणी घातलं की ते खालून वाहू लागलं.

मी म्हटलं, "सोमवारी तुला भूक लागत नाही असं दिसतं. सोमवार कसा असतो तुझा?"

'मामानं काही केलं का' असं मी विचारलं नाही. नाव आपण घातलं की उत्तर आपलं होतं, मुलाचं राहत नाही, आणि पुढं न्यायालयात तेच पहिलं फोडलं जातं. पण खरं कारण ते नव्हतं. खरं कारण, मला तो शब्द उच्चारायची भीती वाटत होती. या वेळी भीती कामाला आली.

मधली सुट्टी संपली, घंटा झाली. मी वर्गात गेले नाही. मग त्यानं मान खालीच ठेवून कोकणीत तीन वाक्यं सांगितली. शाळेत आम्ही मराठीत बोलतो, घरी मुलं कोकणीत. आणि जे घरात घडतं ते घरच्या भाषेतच बाहेर येतं. मी ती वाक्यं वहीत जशीच्या तशी कोकणीत उतरवली. त्याचं मराठी केलं नाही, सभ्य शब्द घातले नाहीत. लहान मुलाचा शब्द कच्चा असतो, शरीराच्या भागांना त्याची स्वतःची नावं असतात. आपण ती सुधारली की साक्ष बदलते. लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचं संरक्षण करणारा २०१२ चा कायदा, ज्याला सगळे पॉक्सो म्हणतात, त्याच्या २६ व्या कलमातही हेच आहे: जबाब मुलानं जसा सांगितला तसाच नोंदवायचा.

त्यानं विचारलं, "आईला सांगणार?"

इथं एक चूक झाली आणि एक झाली नाही. 'कुणालाही सांगणार नाही' असं वचन मी दिलं नाही. म्हटलं, "तुला मदत करणाऱ्या माणसांना सांगावं लागेल, आणि कुणाला सांगते ते आधी तुला सांगेन." हे बरोबर होतं. पण त्याच दमात मी म्हणाले, "आता हे परत कधीच होणार नाही." हे माझ्या हातात नव्हतं. पुढचा गुरुवार एका दिवसावर होता. म्हणायचं असतं ते एवढंच: तू सांगितलंस हे बरं केलंस, तुझी चूक नाही, माझा तुझ्यावर विश्वास आहे. ही तीन वाक्यं मी म्हटली, हे समाधान आहे.

कळवणं

मुख्याध्यापक हादरले. ते वाईट माणूस नाहीत. ते म्हणाले, "आधी आईला बोलावू. नाहीतर पंचांना विचारू. देवस्थानातला माणूस आहे, उगाच गावात दोन तट पडतील." मी त्यांना पॉक्सोचं १९ वं कलम वाचून दाखवलं. मुलावर लैंगिक अत्याचार झाला आहे किंवा होण्याची शक्यता आहे असं ज्याला कळलं त्यानं पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवायचंच आहे. शिक्षक, डॉक्टर, शेजारी, कुणीही. न कळवणं हा २१ व्या कलमाखाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. चांगल्या हेतूनं कळवणाऱ्यावर मात्र कसलीही जबाबदारी येत नाही. गुन्हा शाबीत करणं हे आमचं काम नव्हतं, चौकशीही नव्हतं. पंचांना आधी सांगणं म्हणजे मामाला आधी सांगणं. गावात बातमीला पाय लागतात.

१०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकाला फोन केला. हा क्रमांक चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत. त्याच संध्याकाळी पोलीस ठाण्यात लेखी दिलं. दुसऱ्या दिवशी, म्हणजे त्या गुरुवारीच, महिला उपनिरीक्षक आल्या, गणवेशात नव्हत्या. जबाब कुठं द्यायचा हे मुलानं ठरवलं: अंगणवाडीची खोली. कारण तिथं चटई आहे आणि खिडकीतून रस्ता दिसत नाही. त्याची आई शेजारी बसली. चोवीस तासांच्या आत बाल कल्याण समितीला कळवण्यात आलं आणि समितीनं पुढच्या सगळ्या फेऱ्यांत सोबत राहणारी सहायक व्यक्ती नेमून दिली. पोलिसांकडचा भाग आमच्या बाबतीत नीट झाला. सगळीकडे असाच होतो असं मी म्हणणार नाही. पण कायद्यात काय लिहिलंय ते ठाऊक असलं की मागता येतं.

आईचं काय झालं ते सांगणं अवघड आहे. ती आधी गप्प होती. मग एकदम म्हणाली, "मला का नाही सांगितलं त्यानं? बाईंना सांगतो आणि मला नाही?" आणि मग बऱ्याच वेळानं तिचं तिलाच आठवलं. चवथीच्या आधी एकदा तो म्हणाला होता, मला मामाकडे जायचं नाही. ती कामाच्या गडबडीत होती, बस यायची वेळ. ती म्हणाली होती, "घुमट शिकायला भाग्य लागतं." त्यानं सांगितलं होतं. मुलं अशीच सांगतात, एका वाक्यात, चुकीच्या वेळी, आणि उत्तर बघून पुढचं सांगायचं की नाही ते ठरवतात.

वैद्यकीय तपासणीत काही सापडलं नाही. ही बातमी गावात कशी फुटली ते ठाऊक नाही, पण फुटली, आणि आठवडाभरात वाडा म्हणू लागला, "डॉक्टरांना काही मिळालं नाही, म्हणजे पोर खोटं बोलतं." हे नीट समजून घ्यायला हवं. अत्याचार झालेल्या बहुतेक मुलांच्या तपासणीत काहीच दिसत नाही. कित्येक प्रकारांत शरीरावर जखम होतच नाही, झाली तर मुलाच्या अंगावर ती लवकर भरते, आणि मूल बोलतं ते महिन्यांनी. पॉक्सोत नुसता वाईट हेतूचा स्पर्शही गुन्हा आहे. त्याची खूण कुठल्या डॉक्टरला सापडणार? तपासणी मुलाला बरं करायला आणि धीर द्यायला असते, त्याला खरं-खोटं ठरवायला नव्हे. तक्रार नोंदलेली नाही म्हणून रुग्णालय उपचार नाकारूही शकत नाही.

आपण कुठं बघत होतो

दुसरं एक वाक्य वाड्यावर ऐकू आलं: "मुलग्याला कोण काय करणार?" गोव्यात तरी हे वाक्य निघू नये. या राज्यात या विषयाला वाचा फुटली तीच मुलग्यांवरच्या अत्याचारांमुळे. मडगावला मुलांचं अनाथालय चालवणारा फ्रेडी पीट्स १९९१ साली पकडला गेला, १९९६ साली मडगावच्या न्यायालयानं त्याला जन्मठेप दिली. अटकेपर्यंत लोक त्याला निराधारांचा आधार मानत होते. त्यानंतरच्या वर्षांत गोव्यानं देशाच्या आधी पाऊल टाकलं: गोवा बाल कायदा २००३ चा, पॉक्सोच्या नऊ वर्षं आधीचा, आणि त्याच कायद्यातून पणजीचं बाल न्यायालय उभं राहिलं.

पण त्या सगळ्या चर्चेतून आमच्यासारख्या आतल्या गावांनी एक चुकीचा धडा घेतला. आम्हाला वाटलं, हा किनाऱ्यावरचा प्रश्न आहे. परका माणूस, पर्यटक, हॉटेलची खोली. आमच्या मुलांना आम्ही सांगत आलो की अनोळखी माणसाकडून चॉकलेट घेऊ नका. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयानं २००७ साली जो मोठा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात तेरा राज्यांतली बारा हजारांवर मुलं होती आणि गोवा त्या तेरांत होता. लैंगिक अत्याचार सांगणाऱ्यांत निम्म्याहून थोडे जास्त मुलगेच होते, आणि अत्याचार करणारे निम्मे मुलाच्या ओळखीचे, विश्वासातले. त्या मुलाला आम्ही परक्यापासून सावध केलं आणि मामाच्या सोप्यावर पाठवलं.

आता शाळेत दर शुक्रवारी शाळा सुटल्यावर दहा मिनिटं आम्ही चौघं बसतो: मुख्याध्यापक, मी, अंगणवाडीच्या बाई आणि वयनी. एकच वही, मधोमध रेघ. बहुतेक शुक्रवारी पान कोरं राहतं. वयनींना लिहायचा कंटाळा आहे, त्या सांगतात आणि मी लिहिते. पण सर्वांत जास्त नोंदी त्यांच्याच आहेत, कारण मूल काय खातं आणि काय टाकतं हे फक्त त्याच बघतात.

मुलगा आता दुसऱ्या शाळेत पाचवीत आहे. आईनं पाळी बदलून घेतली, पगार थोडा घटला. समुपदेशनासाठी दर पंधरवड्याला ती त्याला घेऊन जाते. अंथरुण अजून कधीकधी ओलं होतं. काय घडलं ते आजीला कुणी पूर्ण सांगितलेलं नाही. अंगणवाडीतला तो छोटा ठीक आहे. त्याच्या आईला मी स्वतः जाऊन भेटले.

खटला अजून चालू आहे. मुलाची साक्ष पडद्याआडून झाली, आरोपी त्याला दिसला नाही, आणि वकिलांचे प्रश्न न्यायाधीशांच्या तोंडून त्याच्यापर्यंत पोहोचले. ही दोन्ही कायद्यातलीच तरतूद आहे. माझी साक्ष व्हायची आहे. निबंधाची वही पोलिसांनी पंचनामा करून नेली, ती पुराव्यात लागली आहे. त्या पानावर त्याच्या चार ओळी आहेत आणि माझ्या लाल शाईतल्या दोन वेलांट्या, खाली तारखेसह सही. ही सही कुणाची, आणि सही करताना हे वाक्य तुम्ही वाचलं होतं का, असं मला विचारलं जाईल. सही माझी आहे आणि वाक्य मी वाचलं होतं, असं मी सांगणार आहे.